अर्ध्यावर मोडलेला डाव

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक मुंज झाली, आणि तिच्या पाठोपाठ एक भांडण झालें. मुंज दोन दिवसांत यथासांग आटोपली. भांडण मात्र तीन आठवडे पुरलें. भांडण तसें पोरासोरांचें. मासिकाच्या पानावर मांडण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें. परंतु त्याचें मूळ शोधतां शोधतां आमच्या हातीं जें लागलें तें पुष्कळ घरांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून ती हकीकत येथें देत आहों.

आमचें बिऱ्हाड जळगांवास, वडिलार्जित वाड्यांत. मधले बंधु आमच्याबरोबरच राहतात. धाकटे नोकरीनिमित्त धुळ्यास असतात. दोन्ही गांवांमध्यें शंभर किलोमीटरांचेंहि अंतर नाहीं. तरी आगगाडीनें जावयाचें झाल्यास चाळीसगांवास उतरून धुळ्याच्या फांट्यावरील गाडी धरावी लागते, आणि मोटारीनें गेलें तरी जाऊन येण्यांत दिवस मोडतो. त्यामुळें वडील माणसांची गांठ सणावारींच पडते. मुलें मात्र दर रविवारीं रात्रीं नऊ वाजतां भेटतात. मधल्या बंधूंचा मुलगा जळगांवच्या माडीवर, त्याचा चुलतभाऊ धुळ्याच्या गच्चीवर, आतेबहीण पुण्याच्या वसतिगृहांत आणि तिचा भाऊ नाशिकास, अशीं चौघें आपापल्या मोबाइलवर एका संघानें युद्धाचा एक खेळ खेळतात.

अशा खेळांविषयीं घरांतील वडील मंडळींचें मत फारसें चांगलें नाहीं, आणि आमचेंहि नव्हतें. २०२० च्या टाळेबंदींत नवी मुंबईच्या एका कंपनीनें काढलेला 'लुडो किंग' आमच्या मातोश्रींनींसुद्धां मोठ्या हौसेनें खेळला, तेव्हां कोणी कांहीं बोललें नाहीं. कारण लुडो म्हणजे आपलाच पट, इंग्लंडांत १८९६ सालीं पेटंट घेऊन नव्या नांवानें परत आलेला. बंदुकांच्या खेळांची गोष्ट निराळी. 'पबजी'वर सरकारनें सप्टेंबर २०२० मध्यें बंदी घातली तेव्हां घरांत सर्वांस समाधान झालें. जुलै २०२१ मध्यें तोच खेळ थोड्या फरकानें 'बीजीएमआय' ह्या नांवानें आला तेव्हां तें मावळलें. तरीहि एक गोष्ट आम्ही पाहत होतों. रविवारच्या त्या तासाभरांत गोळ्या झाडतां झाडतां मुलें एकमेकांच्या परीक्षांची चौकशी करीत, आजीच्या गुडघ्यांची विचारपूस करीत, कोणाच्या घरीं काय शिजलें तें सांगत. चार गांवीं वाढणारीं हीं भावंडें एकमेकांस परकीं झालीं नाहींत, ह्याचें थोडें श्रेय त्या खेळास द्यावेंच लागेल.

मुंजीनंतरच्या पहिल्या रविवारीं खेळ ऐन रंगांत आला असतां आमचा पुतण्या एकाएकीं त्यांतून नाहींसा झाला. उरलेलीं तिघें हरलीं. दुसऱ्या रविवारीं तोच प्रकार. तिसऱ्या रविवारीं तो नाहींसा झाला नाहीं. पण पडद्यावरचा त्याचा गडी भिंतीस नाक लावून जागच्या जागीं धांवत राहिला, आणि शत्रूच्या गोळीस बळी पडला. धुळ्याचा चुलतभाऊ संतापून म्हणाला, "हरायची वेळ आली कीं हा पळतो. मुंजींतसुद्धां पंगत वाढायला बोलावलें कीं असाच गायब होत होता." पुतण्या रडकुंडीस येऊन आमच्याकडे आला. "काका, मी उठलोंच नव्हतों. नेट गेलें!"

आतां 'नेट गेलें' ही सबब म्हणजे आमच्या लहानपणच्या 'पोट दुखतें' ह्या सबबीची धाकटी बहीण. आम्हीं ती ऐकून घेतली आणि पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घातलें. पुढें मात्र जळगांवच्या व धुळ्याच्या जावांचा रोजचा तासाभराचा फोन पांच मिनिटांत आटपूं लागला, तेव्हां हें प्रकरण मुलांचें राहिलें नाहीं हें ध्यानांत आलें. एका मुलावर पळपुटेपणाचा आरोप आहे. तो खरा कीं खोटा हें मोजून पाहण्याचें कांहीं साधन असलेंच पाहिजे, असें मनांत येऊन आम्हीं चौकशी आरंभिली.

साधन मुलांच्याच हातांत होतें. अशा खेळांत पडद्याच्या कोपऱ्यांत एक आंकडा सारखा बदलत असतो. मुलें त्याला 'पिंग' म्हणतात. पाण्याखालीं ध्वनि सोडून त्याचा प्रतिध्वनि ऐकण्याची जी युक्ति आरमारांत वापरतात, तिच्या आवाजावरून माइक म्यूस ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९८३ सालीं आपल्या एका छोट्याशा कार्यक्रमास हें नांव दिलें. एका यंत्रानें दुसऱ्यास हांक मारावयाची आणि ओ येण्यास किती वेळ लागला तें मोजावयाचें, एवढेंच त्याचें काम. वेळ मोजतात ती मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत. आंकडा पन्नासाच्या आसपास असला तर खेळणाऱ्यास कांहीं जाणवत नाहीं. शंभराच्या पुढें गेला कीं हात जड वाटूं लागतो. दोनशेंच्या पुढें खेळणें कठीण. आणि कित्येक सेकंद ओ आलीच नाहीं, तर खेळ चालविणारें यंत्र असें धरून चालतें कीं हा गडी उठून गेला. गडी रागानें उठला, भिऊन उठला, कीं त्याची हांकच वाटेंत अडकली, हा भेद त्या यंत्रास करतां येत नाहीं. तें सरसकट 'निघून गेला' अशी नोंद करतें. कांहीं खेळांत तर अशा गड्यास थोडा वेळ पुन्हां खेळूंहि देत नाहींत.

हें खेळ चालविणारें यंत्र, ज्यास सर्व्हर म्हणतात, तें खेळणाऱ्यांपैकीं कोणाच्याहि घरीं नसतें. भारतांतल्या खेळाडूंसाठीं तें बहुधा मुंबईस, कांहीं खेळांत सिंगापुरास ठेवलेलें असतें. म्हणजे जळगांवच्या मुलानें झाडलेली गोळी धुळ्याच्या भावाच्या पडद्यावर दिसावयाची तर ती आधीं मुंबईस जाते आणि तेथून धुळ्यास येते. उतारूनें चाळीसगांवास गाडी बदलावी तसेंच हें. एवढ्या फेऱ्यामुळें उशीर होत असेल असें आम्हांस प्रथम वाटलें. हिशेब केला तेव्हां ती समजूत टिकली नाहीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. जळगांव ते मुंबई हें अंतर रेल्वेनें सुमारें ४२० किलोमीटर. म्हणजे जाण्यास दोन मिलिसेकंद आणि येण्यास दोन. तार वांकडीतिकडी गेली असें धरून तिप्पट केलें तरी पंधराच्या आंतच. सिंगापूर मुंबईहून सुमारें ३,९०० किलोमीटर. तेथें जाऊन परत येण्यास प्रकाशाला चाळीस मिलिसेकंद पुरतात. नुसती पापणी लवण्यास निदान शंभर लागतात! तेव्हां मुंबई दूर आहे हें खरें कारण नव्हे. उशीर होतो तो प्रवासांत फारसा होत नाहीं. संदेशास जेथें जेथें थांबून राहावें लागतें त्या त्या मुक्कामीं तो होतो.

येथें मंडळींनीं दुसरी शंका काढली. नेटच मंद असतें तर त्याच वेळीं दिवाणखान्यांत कीर्तनाचा व्हिडिओ अखंड कसा चालला? शंका रास्त आहे, आणि बहुतेक घरांतील गैरसमजाचें मूळहि येथेंच आहे. कीर्तन हें लोणच्यासारखें आहे. पुढच्या कांहीं मिनिटांचा भाग यंत्र आधींच आणून बरणींत भरून ठेवतें. मध्यें चार-दोन सेकंद पुरवठा बंद पडला तरी पानांत कमी पडत नाहीं. खेळ मात्र दुधासारखा आहे. धुळ्याचा भाऊ पुढच्या क्षणीं कोठें पळणार हें अद्यापि त्यालाच ठाऊक नाहीं. मग तें आधीं आणून ठेवणार कसें? म्हणूनच अशा खेळांतील संदेश बहुधा साध्या पत्रासारखे सोडून देतात, जुन्या रजिस्टर पत्राप्रमाणें त्यांची पोंच घेत बसत नाहींत. हरवलेला संदेश पुन्हां मागवावा तर तोंवर त्यांतील बातमी शिळी झालेली असते.

मधले संदेश आले नाहींत म्हणजे मोबाइल अंदाजानें चित्र पुढें नेतो. गडी पळत होता, तेव्हां अजून पळतच असेल, असें तो दाखवितो. मग मुंबईचा खरा हिशेब येऊन पोंचला कीं त्या गड्यास फरपटत मागें आणून ठेवतो. मुलें म्हणतात 'लॅग झाला', तो हाच. पुतण्याचा गडी भिंतीशीं धांवत होता त्याचें रहस्य एवढेंच.

इतकें समजल्यावर आम्हीं एका शनिवारीं रात्रीं आठ वाजतां पुतण्यास राउटरच्या शेजारीं बसवून खेळावयास सांगितलें, आणि स्वतः कागद-पेन्सिल घेऊन बसलों. आंकडा ३५ ते ४० च्या दरम्यान. मग त्यास माडीवर पाठविलें. मध्यें जुन्या विटांच्या दोन रुंद भिंती. तेथें आंकडा ६० च्या घरांत, मधूनच ९०. खेळास अडचण नाहीं. नऊ वाजून गेले. पाहतां पाहतां आंकडा ३०० झाला, ८०० झाला, १,२०० झाला, आणि पडद्यावर 'पुन्हां जोडत आहे' अशी पाटी लागली.

घरांतील प्रत्येकाचा मोबाइल तपासला. मातोश्री कीर्तन ऐकत होत्या. तें बंद करविलें, फरक नाहीं. सुना ओट्यावर झांकपाक करीत होत्या. त्यांचे मोबाइल कपाटावर निजलेले. शेवटीं देवघराशेजारच्या कोनाड्यांत चार्जिंगला लावलेला एक मोबाइल उरला. तो आमचा होता.

मुंजीनंतर छायाचित्रकारानें दिलेलीं व पाहुण्यांनीं पाठविलेलीं सर्व छायाचित्रें आणि व्हिडिओ आम्हीं मोठ्या अगत्यानें त्यांत उतरवून ठेवलीं होतीं. चार्जिंगला लागून घरच्या वायफायवर आला कीं त्यांची एक प्रत बाहेरच्या साठवणींत पाठवावयाची, अशी त्या मोबाइलला आमच्याच हातून कधींतरी आज्ञा झाली होती. रात्रीं जेवण आटोपून नऊला मोबाइल चार्जिंगला लावणें हा आमचा नेम, आणि निजण्यापूर्वीं काटकसर म्हणून राउटर बंद करणें ही आमचीच शिस्त. त्यामुळें ती पाठवणी रोज नऊला सुरू होई, अर्धवट राही, आणि दुसऱ्या रात्रीं पुन्हां नऊला सुरू होई. मुलगा पळत नव्हता. काकांची मुंज त्याच्या वाटेंत आडवी उभी होती.

एका मोबाइलनें एवढा घोटाळा कसा होतो तें सांगतों. आमच्या जोडणीची आंत येणारी वाट रुंद आहे, सेकंदास ४० मेगाबिट. परंतु बाहेर जाणारी ५ मेगाबिटच आहे. राउटर हें रेल्वेचें फाटक समजा. केळ्यांनीं भरलेल्या मालमोटारी एकामागें एक फाटकाशीं लागल्या आहेत, आणि त्यांच्या शेवटीं एक सायकलस्वार चिठ्ठी घेऊन उभा आहे. चिठ्ठी तोळाभराची, पण पुढच्या मोटारी हालल्यावांचून त्यास वाट नाहीं. राउटरच्या पोटांत समजा १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट माल तुंबला, तर सेकंदास ५ मेगाबिट ह्या गतीनें तो निघून जाण्यास १.६ सेकंद लागतात. मागच्या चिठ्ठीस तितकें ताटकळावेंच लागतें, आणि दीड सेकंदांत युद्धाचा निकाल लागून जातो. जिम गेटिस ह्या संगणकतज्ज्ञास २०१० सालीं स्वतःच्या घरच्या जोडणींतच हा दोष आढळला. आतां त्यास 'बफरब्लोट' म्हणतात. कोणालाहि नाहीं न म्हणतां सर्वांस रांगेंत घेणारी ही पेटी आपल्या सोशिकपणामुळेंच सर्वांचा खोळंबा करते. एकत्र कुटुंबांत वागलेल्या वाचकांस ह्याचा अधिक खुलासा नको.

ह्यावरून आणखी एक गोष्ट निघते. असा त्रास झाला कीं अधिक पैसे भरून अधिक 'स्पीड' घ्यावा, असा सल्ला चोहोंकडून मिळतो. खेळास स्वतःला फार थोडी वाट लागते; त्यास हवी असते ती तत्परता. येणारी वाट ४० ची १०० केली आणि जाणारी तशीच ठेवली, तर पैसे जातात व रांग तेथेंच राहते.

अर्थात् प्रत्येक घरीं दोष मुंजीच्या व्हिडिओचाच असेल असें नाहीं. आमच्या खानदेशांत इतरहि कारणें आहेत. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. पत्र्याखालीं किंवा तापलेल्या गच्चीखालीं बसून खेळल्यास मोबाइल स्वतःस वांचविण्याकरितां आपलें काम मंद करतो, आणि दोष नेटच्या माथीं येतो. वीज गेली कीं राउटर जागच्या जागीं बंद. त्यास लहानशी बॅटरी जोडून ठेवल्यास निदान डाव पुरा होतो. खेळतां खेळतां मूल वाऱ्यासाठीं गच्चींत गेलें, कीं मोबाइल वायफाय सोडून टॉवर धरतो. तसें करतांना त्याचा पत्ताच बदलतो, आणि जुन्या पत्त्यावर पाठविलेलीं उत्तरें त्यास मिळत नाहींत. नुसत्या मोबाइल डेटावर खेळणाऱ्यांनीं दिवसाचा वांटा संपला कीं नाहीं हें पाहावें; तो संपल्यावर पुष्कळ योजनांत गति ६४ किलोबिटांवर येते. शिवाय रात्रीं आठ ते अकरा एकाच टॉवरवर सारी आळी लोटते, आणि रस्ता खणतांना तार तुटली तर सगळ्या पेठेचेंच नेट जातें. ह्या शेवटच्या दोन गोष्टींपुढें गृहस्थाचा इलाज नाहीं.

म्हणून परीक्षा वैद्याप्रमाणें क्रमानें करावी. प्रथम राउटरजवळ बसून, घरांतील इतर मोबाइलांचें वायफाय बंद करून आंकडा पाहावा. तो चांगला असेल तर बाहेरची तार निर्दोष. मग नेहमींच्या जागीं बसून पाहावा. तेथें बिघडला तर दोष भिंतींचा. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ व २.४ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरी असल्यास जवळ बसणाऱ्यानें पहिली घ्यावी, दोन भिंतींपलीकडच्यानें दुसरी. मग एकेक मोबाइल पुन्हां जोडावा. ज्याच्या येण्यानें आंकडा उसळेल त्याची झडती घ्यावी. आणि राउटरजवळ एकट्यानें बसूनहि आंकडा वाईटच राहिला, तर मात्र दिवस, वेळ व आंकडा लिहून जोडणी देणाऱ्याकडे तक्रार करावी. नुसतें 'नेट चालत नाहीं' ह्या तक्रारीस कोणी दाद देत नाहीं. चार दिवसांचे आंकडे समोर ठेवले तर देतात. कांहीं राउटरांत प्रत्येकाची रांग निराळी लावण्याची किंवा एखाद्यास अग्रक्रम देण्याची सोय असते. ती असेल तर वापरावी.

आमच्या घरीं आतां असें ठरलें आहे कीं छायाचित्रांची पाठवणी व खेळांचीं जडशीळ सुधारणा-पत्रकें उतरविणें हें सर्व रात्रीं अकरानंतर. त्यासाठीं आम्हीं राउटर बंद करण्याची शिस्त सोडली. मुलांनीं आपल्या बाजूनें कबूल केलें आहे कीं परीक्षेच्या आठवड्यांत खेळ नाहीं, आणि साडेनऊनंतर नवा डाव मांडावयाचा नाहीं. मातोश्रींनींहि एक सवय बदलली. अशा खेळाचा एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो, हें कळल्यावर त्या ऐन लढाईंत "पान वाढलें आहे, उठ" असें म्हणत नाहींत. अर्धा तास आधीं सांगतात.

राहिलें तें धुळ्याचें प्रकरण. त्याच रात्रीं आम्हीं स्वतः फोन करून धाकट्या पुतण्यास सर्व सांगितलें. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे काका, तीन सामने आम्ही तुमच्यामुळें हरलों?" आम्हीं होय म्हटलें. त्यावर त्यानें "दादाला फोन द्या" म्हणून सांगितलें. पुढचें बोलणें आम्हीं ऐकलें नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं दोघी जावांचा फोन एक तास वीस मिनिटें चालला, एवढें घड्याळावर पाहिलें.

आमच्या लहानपणीं ह्याच माडीवर सोंगट्यांचा पट पडत असे. मध्येंच कोणास हांक आली तर आमचे आजोबा पटावर पंचा पसरून ठेवीत. गडी परत येईपर्यंत सोंगटीस कोणी हात लावावयाचा नाहीं, आणि गेलेल्यास पळाला म्हणावयाचें नाहीं, असा घरचा नेम होता. मुंबईच्या त्या यंत्रास हा नेम ठाऊक नाहीं. तेव्हां तो घरच्यांनींच पाळला पाहिजे. वाचकांच्या घरीं एखादें मूल पुढच्या वेळीं 'नेट गेलें' म्हणत आलें, तर त्यास रागें भरण्यापूर्वीं आपला मोबाइल कोठें चार्जिंगला लागला आहे तें एकदां पाहावें, इतकीच विनंति आहे.